भाड्याने दिलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी भरवशाचा माणूस कसा शोधायचा?

ओळखीतला शोधू नका. एवढंच उत्तर देणार होते, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की "नातेवाइकांच्या ओळखीतला एक कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याला बोलवू का", ते वाचून राहवलं नाही. आमच्या दादाचं हेच ब्रीदवाक्य आहे, माणूस ओळखीतला हवा, आणि त्यापायी आम्ही एक धडधाकट बाथरूम फोडून बसलो.

फ्लॅट आम्हा दोघा भावंडांच्या नावावर, भाड्याने दिलेला. खालच्यांच्या छताला ओल आली, दादाने त्याचा माणूस आणला. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चार टाइल्स वाजवल्या, दोन पोकळ वाजल्या, झालं, "वॉटरप्रूफिंग गेलंय, सगळा तळ काढावा लागेल." पाच मिनिटांत निदान! आमचा भाडेकरू पोरगा दारात उभा राहून सांगत होता की काका, आम्ही दोन-दोन दिवस गावाला जातो तरी खाली थेंब पडतातच, आणि सगळे नळ बंद असले तरी मीटर हळूहळू फिरतो. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. मीपण नाही, खोटं कशाला बोलू.

खरं तर निदान त्यानेच करून दिलं होतं. पाणी वापरल्यावरच गळत असेल तर ट्रॅप (म्हणजे जाळीखालचा सांडपाणी जायचा भाग), ड्रेनेज किंवा टाइल्सचे जॉइंट बघायचे, आणि वापर नसताना चोवीस तास गळत असेल तर प्रेशरची लाइन, म्हणजे नळांना पाणी आणणारा पाइप. नळ बंद आणि मीटर चालू म्हणजे तर विषयच संपला.

पण तळ निघाला. पंधरा दिवस ते जोडपं शेजारी आंघोळीला जात होतं. नवीन टाइल्स बसल्या आणि आठवड्यात ओल पुन्हा हजर. विचारलं तर म्हणे स्लॅब सुकायला वेळ लागतो. लागतो हे खरंच, म्हणून तर ही थाप खपते. मी खाली जाऊन डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली आणि तारीख टाकली, चार दिवसांनी डाग रेघेच्या बोटभर बाहेर. सुकणारा डाग वाढतो कसा हो?

शेवटी भाडेकरूनेच एक प्लंबर आणला, आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या ओळखीचा नाही. त्याने काहीही न वाजवता आधी गिझरला जाणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि मीटरपाशी जाऊन उभा राहिला. मीटर थांबला. गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळामागे तळहाताएवढी भिंत फोडली, आत गरम पाण्याच्या लाइनचा एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणावरचा जोड, केसभर तडकलेला. बदलला, लाइन चालू करून अर्धा दिवस भिंत उघडीच ठेवली, मला फोटो काढायला लावले, मग बुजवली. तिथली एक टाइल अजून वेगळ्या पांढऱ्याची आहे.

मुद्दा हा की ओळखीच्या माणसाला तुम्ही लेखी कोटेशन मागू शकत नाही, दुसऱ्याला दाखवू शकत नाही ("त्याला वाईट वाटेल रे"), पैसे अडवून धरू शकत नाही. परक्याला हे सगळं करता येतं. निदान करणाऱ्याला त्याची फी देऊन मोकळं करा, काम दुसऱ्याकडून करून घ्या, म्हणजे फोडण्यात त्याचा फायदा उरत नाही. तळ खरंच करावा लागला तर टाइल्स बसायच्या आधी ट्रॅप बुजवून पाणी भरून किमान 24 तास ठेवायला सांगा, खालून स्वतः बघा, शेवटचा हप्ता त्यानंतर. आणि भाडेकरूचं ऐका, घरात तो राहतो, आपण नाही.

हां, एक राहिलं, स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी वापर बंद केल्यावरही दोन-चार दिवस झिरपू शकतं, त्यामुळे एका दिवसावरून ठरवू नका. पावसातच ओल येत असेल तर बाहेरची भिंत बघा, वरचं काही लागू नाही. विजेच्या कामाला लायसन्सवालाच. आणि ओळखीतले सगळेच तसे नसतात म्हणे, मला भेटले नाहीत.

दादाचं म्हणणं अजून हेच की ते बाथरूम कधीतरी फोडावंच लागलं असतं. दादा, तू इथे वाचतोस मला माहितीये. तुझ्या माणसाने अजून बिल दिलेलं नाही.