चक्रव्यूह आखण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या मैदानावर मुलांना आणि गावकऱ्यांना घेऊन दगडांचा चक्रव्यूह करायचा तुझा बेत मनापासून आवडला. फक्त दगडांची ट्रॉली इतक्यात बोलावू नकोस. या कामात खरी मेहनत आखणीत असते. चक्रव्यूहात वाट एकच, तिला फाटे नसतात. त्यामुळे एक रेघ चुकीच्या टोकाला जोडली गेली तर वाट मध्येच बंद होते, आणि हे बहुधा दगड लागल्यावर लक्षात येतं.

म्हणून आधी कागद. मोठं अधिकचं चिन्ह काढ. त्याच्या चारही खणांत एकेक काटकोन बसव, कोपरा मध्याकडे आणि भुजा बाहेर. त्यांच्याही बाहेर चार कोपऱ्यांत चार ठिपके दे. असा चौरस तयार होतो, प्रत्येक बाजूवर पाच टोकं. आता अधिकचं वरचं टोक उजवीकडच्या लगतच्या टोकाशी कमानीने जोड. मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्याशी, असं एकही टोक न सोडता खालपर्यंत. आठ कमानी होतात, त्यांच्यात सात फेरे. प्रवेश अधिकच्या पायाच्या डाव्या बाजूला येतो. बोट फिरवून बघ: बाहेरून मोजले तर तिसरा, दुसरा, पहिला, चौथा, सातवा, सहावा, पाचवा आणि मग मध्य. प्रत्येक मुलाला हे कागदावर दोनदा जमलं पाहिजे. इतिहासाच्या सरांना सांग, हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर अभिमन्यूचा चक्रव्यूह कोरलेला आहे. त्याचं चित्र वर्गात लावता येईल.

रेघ ते रेघ ९० सेंमी धर. मधला चौरस ३.६ मीटरचा, पूर्ण आकृती १३.५ मीटर रुंद आणि १२ मीटरहून थोडी उंच. चाकांची खुर्ची वापरणारं मूल असेल तर अंतर १२० सेंमी घे. मग रुंदी १८ मीटर लागते. जागा आधी मोज, हौस नंतर.

वरच्या अर्धगोलांसाठी खुंटी अधिकच्या वरच्या टोकाच्या आणि त्याच्या उजवीकडच्या लगतच्या टोकाच्या बरोबर मध्ये ठोक. त्रिज्या ४५, १३५, २२५ अशा ९०-९० ने वाढत ६७५ सेंमीपर्यंत. बाजूंच्या पाव गोलांसाठी वरच्या दोन ठिपक्यांवर खुंट्या: डावीकडे ९० ते ४५०, उजवीकडे ९० ते ५४०. खाली उरलेली वळणं खालच्या ठिपक्यांवरून निघतात. सुतळी वापरू नकोस, ती ताणली जाते आणि कमानी एकमेकींना भिडत नाहीत. बांधणीची तार घे, तिला मापावर चिंध्या बांध. तिघांची एक टोळी: एक खुंटीवर, एक तारेवर, एक फक्की टाकायला. फक्कीवर सगळ्या शाळेला एकदा चालू दे. चूक इथे पुसता येते.

आपल्या खान्देशातली कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि दगड सरकवते. मैदान तसं असेल तर १५ बाय १६ मीटरवर मुरुमाचा १० सेंमी दाबलेला थर हवा. त्याला सैल मापाने १० ते ११ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम लागेल. पाणी मारून रोलर फिरव, आणि एका बाजूला १५ सेंमी उतार ठेव, नाहीतर आतल्या फेऱ्यांत डबकी साचतात.

रेघांची एकूण लांबी साधारण १६० मीटर. वीतभर लांबीचे हजारेक दगड धर. शेतकरी बांधावर टाकलेले दगड आनंदाने देतात. नदीपात्रातून उचलायचे तर परवानगी काढावी लागते. दगड उचलताना हातमोजे घालायचे आणि आधी काठीने उलटायचे, खाली विंचू असतो. लहान मुलांना ढिगाजवळ जाऊ देऊ नकोस. प्रत्येक दगड अर्धा मुरुमात पुरायचा, नुसता ठेवलेला दोन दिवसांत लाथेने हलतो. सगळ्यात जड दगड चार ठिपक्यांवर लाव. वाट तिथे पूर्ण उलटी फिरते आणि धावणारी मुलं तिथेच कोपरा कापतात.

काम दिवाळीच्या सुट्टीनंतर, जानेवारीच्या आत उरक. एप्रिलमध्ये काळ्या दगडाला हात लावता येत नाही.

देखभालीचं शाळा व्यवस्थापन समितीकडून आधीच लिहून घे. पावसाळ्यात गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटावं लागतं, आणि सरकलेले दगड जागेवर बसवायला एक तार मापासकट शाळेच्या कपाटात ठेवून दे.

तुझे,
हितचिंतक