भाव ठरल्यावर पुन्हा भाव करणं

तू विचारलंस, "ताई, इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये वर घर असलेल्या दुकानाचा भाव ठरला. आता सर्व्हेत, म्हणजे इमारतीच्या तपासणीत, खराब छप्पर आणि ओल निघाली. ठरल्यावर भाव पाडून मागणं बरं दिसेल का?" व्हिसा, कर यांवर मी काही लिहीत नाही, ते सरकारी साइटवर आहे. या एका प्रश्नावर मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपण नागपूरकर कागदाला पक्के. आखीव पत्रिका, इंडेक्स टू, सुधार प्रन्यासचं आरएल लेटर, मालमत्तेचे सगळे कागद तपासतो. छपरावर कोणी चढत नाही. आणि माझ्या सासऱ्यांचं इतवारीत दुकान, तिथे बोली झाली की झाली. आम्हीही लेस्टरला तसंच वागलो. सर्व्हेअरने छपराचं स्पष्ट लिहून दिलं होतं, तरी हे म्हणाले, शब्द दिलाय. मीही गप्प राहिले.

अरे, तिथली ऑफर 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' असते. सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत घेणारा-विकणारा दोघंही बांधलेले नसतात. सर्व्हे त्याच मधल्या काळात करतात, कारण दोष शोधणं घेणाऱ्याचंच काम. कर्ज देणारी बँक किमतीचा अंदाज घेते ते व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं, त्यावर विसंबू नकोस.

सर्व्हेचा पूर्ण रिपोर्ट विकणाऱ्याच्या एजंटकडे पाठवू नकोस. जुन्या इमारतीला जुनेपण असणारच, आणि ते भावात धरलंय असं उत्तर येईल. छप्पर, ओल, वायरिंग असे मोठे दोष वेगळे काढ, प्रत्येकाचं ठेकेदाराकडून लेखी कोटेशन घे, आणि तेवढीच पानं जोडून रक्कम माग. नाहीतर विकणाऱ्याने आधी दुरुस्ती करून द्यावी. सर्व्हेअर भिंत फोडत नाही, ड्रेनेज बहुधा वेगळंच तपासावं लागतं. मागच्या शेडवर आपल्याकडच्यासारखे सिमेंटचे पत्रे असतील तर ॲस्बेस्टॉसची, म्हणजे त्यातल्या फुप्फुसाला घातक तंतूंची, तपासणीही करून घे. तिथे त्यावर पूर्ण बंदी 1999 साली आली. त्याआधीच्या दुकानात तो निघाला तर त्याची देखरेख कायद्याने तुझ्यावर येऊ शकते.

आम्ही गप्प बसलो त्याची किंमत पैशांत नाही मोजली. नोव्हेंबरात वरच्या खोलीचं छत गळायला लागलं आणि आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने गेलो. मुलगा आठ वर्षांचा. जुनी शाळा लांब पडली, जवळची भरलेली. शाळेत जागा देणाऱ्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या महापालिकेला, नव्या पत्त्याचा पुरावा हवा, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. फॉर्म परत, पुन्हा फॉर्म, पुन्हा परत. तीन आठवडे पोरगा दुकानात गल्ल्यामागे खोक्यावर बसून चित्रं काढत होता. मग तिसऱ्याच शाळेत जागा मिळाली. जुन्या शाळेत त्याला नुकताच पहिला मित्र मिळाला होता. आता तो एकोणीस वर्षांचा आहे. परवा जेवताना त्याने विचारलं, "आई, त्या मुलाचं आडनाव काय होतं गं?" मला आठवलं नाही.

एकटेपणाचंही विचारलंयस. असतो. दुकान उघडलं की दिवस जातो.

सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कागद पाहणाऱ्या तुझ्या वकिलाला, आजच कळव की छपराचं मिटेपर्यंत करारांची अदलाबदल करायची नाही. आणि एजंटला मेल करण्याआधी रिपोर्टातलं छपराचं पान मला पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी असते.