रंगावर भाळू नकोस, नंबर वाच

अरे, पहिलीच गाडी म्हणून जुनी अमेरिकन पाँटिअ‍ॅक जीटीओ घेतोयस, तर बॉनेट उघडायच्या आधी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर बघ. १९६६ ते १९७१ च्या खऱ्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो. २३७ दिसला तर ती मुळात ल मान्स, म्हणजे त्याच कंपनीचं साधं मॉडेल, जीटीओचे बॅज मागाहून चिकटवलेत. १९६४-६५ ला मात्र ही युक्ती चालत नाही. तेव्हा जीटीओ हे ल मान्सवर जादा पैसे देऊन घ्यायचं नुसतं ऑप्शन पॅकेज होतं. तिथे पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या जुन्या नोंदी पुरवणाऱ्या संस्थेकडून त्या गाडीच्या मूळ बिलाची नक्कल मागव. पैसे देण्याआधी, बरं का.

खिशात मऊ कापडात गुंडाळलेलं फ्रिजचं चुंबक ठेव. मागच्या चाकावरची कमान, दाराखालची पट्टी, मागच्या काचेचे खालचे कोपरे. माझ्या पहिल्या गाडीला तिथे चुंबक लावलं की सुळकन घसरायचं. आत पत्रा कमी, लांबीच (पुट्टी) जास्त! कळलं ते गाडी घरी आल्यावर. बायको अजून टोमणे मारते.

विकताना रिस्टोरेशनचा सगळा खर्च निघेल असं धरून चालू नकोस. कामाचे फोटो, बिलं, काढलेले मूळ पार्ट जपून ठेव. जुना कार्ब्युरेटर भंगारात देणारे महाभाग पाहिलेत मी. आणि ल मान्सची जीटीओ केली असेल, तर जाहिरातीत तसंच लिही.