पॅनेल सगळ्यात शेवटी घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: भांडुपला तिसरा मजला, दक्षिणेला ग्रील लावलेली गॅलरी. लाइट गेले की दोन बल्ब, वायफायचा राउटर आणि दोन मोबाइल, एवढं चालायला हवं. १० वॅटचं सोलर पॅनेल ऑनलाइन हेरून ठेवलंय आणि स्कूटरची जुनी बॅटरी घरात पडून आहे. भागेल का?

नाही भागणार. पॅनेल लहान आहे हे तर खरंच, पण खरी अडचण दुसरीच आहे. मुंबईत लाइट जातात ते बहुतेक पावसात, आणि पावसात तुमच्या गॅलरीत ऊन नसतं. ढग बाजूला ठेवा, आकाश निरभ्र असलं तरी नसतं. शून्य सावलीचा दिवस आठवा, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो. मुंबईत तो मेच्या मध्याला येतो आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. मधले दहा आठवडे सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो, उगवतीपासून मावळतीपर्यंत. म्हणजे त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. डिसेंबरात मात्र तीच गॅलरी उन्हाने भरून जाते, पण डिसेंबरात लाइट जातात कुठे?

माझ्या मुलुंडच्या गॅलरीत ४० वॅटचं पॅनेल आहे, ग्रीलच्या आत, दक्षिणेकडेच तोंड करून. वॅटमीटर लावून नोंदी ठेवल्यात. डिसेंबरात दिवसाला ११०-१२० वॅट-तास मिळतात (एक वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक वॅट-तास). जुलैच्या कुंद दिवशी २५, फार तर ३०. ग्रीलच्या सळीची सावली पडते तेही यात आलं. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक सेल झाकला गेला तरी सगळ्यांचा प्रवाह अडतो. कबुतरांचं निराळंच. त्यांना पॅनेलची वरची कड म्हणजे हक्काची बैठक वाटते. आठवड्याला ओलं फडकं ठरलेलं.

आता तुमची गरज मांडू. पाच वॅटचे दोन बल्ब पाच तास, ५० वॅट-तास. राउटर साधारण दहा वॅटचा, सहा तास धरले तर ६०. मोबाइल भरायला घटीसकट वीस-वीस, दोनांचे ४०. झाले १५०. तुमचं १० वॅटचं पॅनेल माझ्या हिशेबाने जुलैत दिवसाला सहा-सात वॅट-तास देईल. त्यात एक मोबाइल अर्धासुद्धा भरत नाही.

म्हणून आधी बॅटरी, आणि ती भरायची घरच्या विजेवर. सोलर तिच्या मदतीला. अनेकांना हे पटत नाही, ‘मग सोलर कसलं?’ म्हणतात. पण आपल्याकडे लाइट जातात ते बहुधा तास-दोन तासांसाठी, तेवढ्याला भरलेली बॅटरी पुरते. पॅनेलची गरज पडते ती २००५ सारख्या प्रसंगी. तेव्हा आम्ही कलिन्याला राहायचो. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आमच्या इमारतीची मीटर रूम पाण्याखाली गेली आणि चार दिवस अंधारात काढले. त्या चार दिवसांत ऊन पाहिल्याचं मला आठवत नाही. तरी दिवसाला २५ वॅट-तास मिळाले असते तर मोबाइल जिवंत राहिला असता, रात्री एक बल्ब लागला असता. तेव्हापासून मला हे वेड लागलं.

बॅटरीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आयुष्याची एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढली आहेत. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, असे ४८ व्होल्ट. स्कूटरची बॅटरी या कामाची नव्हे. तिच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन फिरवायला केलेल्या. तासन्‌तास हळूहळू उपसलीत तर चार-सहा वेळांत बसेल. त्यातून तुमची जुनी. भंगारवाल्याला द्या, शिशाचे पैसे मिळतील.

लेड-ॲसिडच घ्यायची तर यूपीएसमध्ये असते तशी सीलबंद, १२ व्होल्ट २६ ॲम्पिअर-तासांची. १२ गुणिले २६, म्हणजे तिच्यात ३००च्या वर वॅट-तास मावतात, पण निम्मेच वापरायचे, म्हणजे तुमचे १५० बरोबर निघतात. ती वापरून मरत नाही, उपाशी ठेवून मरते. अर्धी रिकामी होऊन महिनाभर तशीच पडली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग ती कितीही वेळ चार्जिंगला लावा, भरतच नाही. चार्जरला १३.६ व्होल्टवर कायम लावून ठेवा. उष्णताही तिला सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवू नका.

माझी स्वतःची पसंती आता लिथियम आयर्न फॉस्फेटला. १२.८ व्होल्ट, १८ ॲम्पिअर-तास, आत बीएमएस, म्हणजे सेलांची राखण करणारं सर्किट, असलेली. वजन निम्म्याहून कमी आणि जवळजवळ पूर्ण उपसता येते. महाग पडते, पण गेल्या काही वर्षांत आवाक्यात आली आहे. तिला चार्जर मात्र तिचाच लागतो, १४.६ व्होल्टचा.

इन्व्हर्टर नको. कुणीतरी तुम्हाला १५० ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची मोठी लेड-ॲसिड बॅटरी, आणि इन्व्हर्टर सुचवलाय. पंखे चालवायचे असतील तर ठीक. पाच वॅटच्या बल्बसाठी १२ व्होल्टचे २३० करायचे म्हणजे इन्व्हर्टर स्वतःच बल्बापेक्षा जास्त खातो. १२ व्होल्टचे डीसी एलईडी बल्ब लोहार चाळीत मिळतात. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय का ते बघा, असेल तर तो थेट चालेल. मोबाइलसाठी गाडीत लावतो तो यूएसबी चार्जर.

पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, बॅटरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊ न देणारा. ‘१२ व्होल्टचं’ पॅनेल उन्हात प्रत्यक्षात १८ व्होल्ट देतं, काहीच जोडलेलं नसेल तर २२च्या आसपास. मी सुरुवातीला शहाणपणा केला होता. २० वॅटचं पॅनेल ७ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला थेट जोडलं आणि मे महिन्यात गावाला गेलो. आलो तेव्हा बॅटरी पुरीसारखी फुगली होती. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. सोडवताना उलट.

आणि फ्यूज. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, दहा ॲम्पिअरचा, गाडीत असतो तो पातीचा चालेल. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक हयगय करतात. पण दोन्ही वायरी सोलवटून एकमेकींना टेकल्या तर त्या लालबुंद व्हायला दोन सेकंद लागतात.

पॅनेल ग्रीलच्या बाहेर लटकवू नका, सोसायटी बोलेल म्हणून नव्हे. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळाच्या वाऱ्यात आमच्या समोरच्या इमारतीवरून पत्रे उडत आले होते. तिसऱ्या मजल्यावरून काच-ॲल्युमिनियमची फळी कुणाच्या डोक्यावर पडली तर?

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसणार आहे, मग आपल्याला काळजी नाही, असंही तुम्ही लिहिलंय. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो ना? सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन, आणि शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर बंद. तिथल्या सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं, बिघाड शोधायला. बिघाड नव्हताच. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःला बंद करून घेतो, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसेल. वीजबिल कमी करायला ते उत्तम, अंधारात त्याचा उपयोग नाही.

हे सगळं एकदम करू नका. या महिन्यात बॅटरी, चार्जर, फ्यूज आणि बल्ब. पॅनेल दिवाळीनंतर घ्या, ४० वॅटच्या खाली नको. तोवर चाचणी करत राहा. मी दर अमावास्येला संध्याकाळी सातला मेन स्विच पाडतो आणि बाराला चढवतो. फ्रिज तेवढ्या वेळात उघडायचा नाही, नात कुरकुरते. चढवायच्या आधी सगळं बंद करून बॅटरी अर्धा तास शांत ठेवतो आणि मग व्होल्ट मोजतो. सीलबंद लेड-ॲसिड असेल आणि १२.२च्या खाली दाखवत असेल, तर आकडा इथे टाका. पुढचं तेव्हा बघू.