गाळाचं वर-खाली

अरे, तुझा मेसेज वाचला, मुंबईच्या ससून डॉकचा गाळ तपासायचं काम मिळालं म्हणालास, लई भारी. ते डॉक 1875 चं, आधी कापूस उतरला, आता मासळी उतरते, आणि बोटींच्या बुडाचा रंग, डिझेल, सगळं तळाशी बसलेलं असणार. निघायच्या आधी दोन-चार गोष्टी ऐक.

माझा पहिला कोअर, म्हणजे तळात ट्यूब खुपसून काढलेला गाळाचा उभा नमुना, मी वाया घालवला होता. ट्यूबला दोन्हीकडे सारखीच टोपणं, जीपमध्ये आडवी टाकली, आणि लॅबला आल्यावर वर कुठलं नि खाली कुठलं हे कुणालाच सांगता येईना! वरचा तपकिरी पापुद्रा खालच्या काळ्या, कुजक्या अंड्याच्या वासाच्या गाळात कालवून गेलेला. तू ट्यूब पाण्याबाहेर आली की तिथल्या तिथं मार्करनं वरच्या बाजूचा बाण काढ, उभीच ठेव, उभीच ने. थरांचा क्रम गेला की मग तो नुसता चिखल.

टीबीटी, म्हणजे ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं विषारी संयुग, बघणार असशील तर हे जास्तच लागू. बोटीच्या बुडाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घालायचे ते, जगभरची बंदी 2008 पासून लागू झाली, पण ऑक्सिजन नसलेल्या गाळात ते वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून वरचा थर बरा निघाला की खूश होऊ नकोस, ड्रेजिंग, म्हणजे गाळ उपसणं, झालं की खालचं वर येतंच की.

दुसरं म्हणजे धातूंच्या नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. आपल्याकडं सोलापुरात रंगाच्या हौदात सुती सूत आणि पॉलिस्टर एकत्र बुडवलं तर सुती रंग पिऊन घेतं, पॉलिस्टर जवळपास कोरंच राहतं, म्हणून काय हौद दोन होते म्हणशील का? चिकणमाती धातू तशीच धरते, वाळू धरत नाही. म्हणून 63 मायक्रॉनच्या चाळणीखालचा भाग वेगळा तपास, सोबत अॅल्युमिनियम मोज, त्यावरून चिकणमाती किती ते कळतं, आणि तांबं-शिसं-जस्त त्याच्या प्रमाणात बघ. ग्लोव्ह्ज घालून चिमटीत चोळून बघितलंस तरी गाळ कसलाय ते बोटांना कळतं, तेही वहीत लिही.

धातूंचे नमुने प्लास्टिकच्या डबीत, तेलाबिलाचे काचेच्या. बर्फ कमी पडू देऊ नकोस, मुंबईचा उकाडा वेगळाय.

जमलं तर जायच्या आधी इथल्या कंबर तलावाच्या कडेला विचारून पीव्हीसी पाइपनं दोन-तीन कोअर काढून बघ, पाइप वर ओढताना वरचं तोंड घट्ट बंद नसेल तर सगळा गाळ खालून सटकतो, ते इथंच शिकून जा. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढलंस का? शेंगाचटणी मी देतो.

— सर