नोंदणी झालेला करारनामा रद्द केला तर बिल्डर २० टक्के कापू शकतो का?

चालू बांधकामातल्या फ्लॅटचा करारनामा नोंदवून झालाय, आता फ्लॅट नकोय आणि बिल्डर २० टक्के कापणार म्हणतोय, असा तुमचा प्रश्न आहे. करार नक्की रद्द होतो. किती पैसे हातात पडतील, ते मात्र तुम्ही फ्लॅट का सोडताय यावर आहे.

करारातली ताब्याची तारीख उलटून गेली असेल तर रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम १८ प्रमाणे भरलेले पैसे व्याजासकट परत मागता येतात. म्हणून बिल्डरला रद्द करण्याबद्दलचा पहिला ईमेल जपून लिहा. माझ्या बहिणीला बिल्डरच्या ऑफिसातून सांगितलं होतं, "मॅडम, वैयक्तिक अडचणीमुळे रद्द करतोय एवढंच लिहून द्या, लवकर होईल." तिने दिलं नाही. ताब्याची तारीख आणि उशीर हेच कारण लिहिलं. नाहीतर पुढे महारेरात, म्हणजे रेराखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, तोच कागद तिच्यासमोर ठेवला असता.

नोकरी गेली, घरात आजारपण आलं, असं कारण खरोखरच तुमच्या बाजूचं असेल तर काही रक्कम जाणार हे धरून चाला. पण करारात छापलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. बाजारभाव पडले म्हणून ग्राहकाने घर नाकारलं होतं आणि करारात २० टक्के जप्तीचं कलम होतं. न्यायालयाने ते एकतर्फी ठरवलं आणि मूळ किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतचीच कपात मान्य केली. बिल्डरशी बोलताना हा निकाल हाताशी ठेवा.

कर्ज घेतलं असेल तर मूळ करारनामा बँकेकडे असतो, त्यामुळे बँकेला आधीच कळवा. परत येणाऱ्या पैशातून आधी तिचं कर्ज फिटतं, उरलेलं तुमचं. नोंदणी फी गेली असं समजा. मुद्रांक शुल्काच्या परताव्यासाठी रद्दलेख (करार रद्द केल्याचा दस्त) नोंदवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि अटी बारीक आहेत, तेवढ्यापुरता वकील गाठा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "फ्लॅट दुसऱ्याला विकला की तुमचे पैसे देतो, आधी रद्दलेखावर सही करा" हे अजिबात ऐकू नका. रद्दलेख नोंदला जात नाही तोवर इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या व्यवहाराच्या उताऱ्यावर, तुमचं नाव आहे, आणि ते असताना त्याला नवं गिऱ्हाईक सहज मिळत नाही. तुमच्या हातात जोर आहे तो एवढाच. सही केलीत की पैशासाठी खेटे घालायची वेळ तुमच्यावर येते. दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याआधी डिमांड ड्राफ्ट पाहा, त्याचा नंबर, तारीख आणि रक्कम रद्दलेखातच टाकून घ्या, आणि ड्राफ्ट ताब्यात आल्यावरच अंगठा लावा.