पीसीसाठी एफडी मोडू का?

भांडुपच्या एका ताईंचा मेल आलाय. त्या घरून चार सोसायट्यांचे हिशेब बघतात, टॅली आणि एक्सेल, वर्षाला साधारण अडीच लाख मिळतात. जुना पीसी आता चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. हातात ४० हजार आहेत, शिवाय ७५ हजारांची एक एफडी आहे जी सात महिन्यांनी सुटणार. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून मॉनिटर सोडून तीन कोटेशन आणलीत: इंटेलच्या आय थ्री १२१०० प्रोसेसरचा सेट ३४ हजार, एएमडीच्या रायझन ५६००जी चा साडेसदतीस, आणि मुलाला हवा तो रायझन ८६००जी वाला, नवीन एएम फाइव्ह बोर्ड आणि डीडीआर फाइव्ह या नव्या पिढीच्या रॅमसकट, ६२ हजार. प्रश्न असा की एफडी मोडून एकदाच चांगला घ्यावा का.

ताई, नाही. एफडी राहू दे. पण मुलगा काहीतरीच बोलतोय असं समजू नका, त्याचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे, त्यावर येतोच.

आधी हे बघा की स्वस्तातला प्रोसेसर आता पूर्वीसारखा रडका राहिलेला नाही. वर्षानुवर्षं आय थ्री म्हणजे दोन कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), बस, कारण इंटेलला टक्कर देणारं कोणी नव्हतंच. मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आय थ्रीला चार कोर मिळाले, जवळपास त्याच किमतीत! २०१७ च्या सुरुवातीला जे ४ कोर ८ थ्रेड (एका वेळी आठ कामं) घ्यायला आय सेव्हन ७७०० चे तीनशे डॉलर मोजावे लागायचे ते २०२० मध्ये आय थ्री १०१०० मध्ये सव्वाशेच्या आत आलं. आणि म्हणून एएमडी काही संत नाही हां. २०२० च्या शेवटी पारडं त्यांच्याकडे झुकलं तर त्यांचा सगळ्यात स्वस्त नवीन सहा कोरवाला ५६००एक्स थेट २९९ डॉलरला, आणि त्याच्या खालचे ५६०० आणि ५५०० आले एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे जानेवारीत इंटेलने १२१०० आणि १२४०० काढून नाक दाबल्यावर. दोघं भांडतात तेव्हाच आपल्याला स्वस्त पडतं, त्यामुळे 'आम्ही इंटेलवाले' 'आम्ही एएमडीवाले' असलं काही घरात ठेवू नका.

आता मुलाचं म्हणणं. तो म्हणतो ५६००जी ज्यात बसतो तो एएम फोर सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) संपला, एएम फाइव्ह घेतलं तर पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. खरं आहे. २०१७ ला एएम फोर बोर्ड घेतलेल्या कित्येकांना पाच वर्षांनी बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट करून त्यातच ५६०० बसवता आला, उलट इंटेलचा १२१०० वाला सॉकेट १४ व्या जनरेशनपर्यंत चालला आणि २०२४ मध्ये नवीन सॉकेट आला. पण पैशाच्या बाजूने बघितलं तर 'पुढे अपग्रेड करू' हा एक प्रीमियम आहे, जो आज भरायचा आणि क्लेम करायचा की नाही ते चार वर्षांनी ठरणार. इथे प्रीमियम किती? ६२ वजा साडेसदतीस, साडेचोवीस हजार. तेवढेच पैसे ७ टक्क्यांच्या एफडीत चार वर्षं पडून राहिले तर ३२ हजारांच्या वर जातात आणि त्यात तेव्हाचा नवीन बोर्ड, रॅम, प्रोसेसर बघता येईल. म्हणून नुसत्या प्रोसेसरची किंमत बघू नका, प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिघांची बेरीज बघा, महाग पडतंय ते तिथेच. त्यात २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भलतेच चढले, डीडीआर फाइव्हचे तर विचारूच नका.

बरं, एफडी मोडली तर बँक ठरलेला दर देत नाही, जितके दिवस ठेवली तितक्याचा दर आणि त्यातून बहुतेक अर्धा ते एक टक्का दंड. सात महिने राहिलेत, कशाला?

मग ३४ वाला की साडेसदतीसवाला? तुमच्या टॅलीला विचाराल तर आय थ्री १२१०० पुरतो, एका कोरच्या कामात तो ५६००जी पेक्षा थोडा चपळच आहे, आणि पीसी उघडायला लागणारी ती दहा मिनिटं एसएसडीने, म्हणजे वेगवान डिस्कने, जातील, प्रोसेसरने नाही. ५६००जी ला सहा कोर आहेत आणि आतलं ग्राफिक्स (प्रोसेसरमधला चित्र दाखवणारा भाग) इंटेलच्यापेक्षा बरंच सरस, म्हणजे मुलाचा कोड कंपाइल होणं, थोडं एडिटिंग, आणि हो, व्हॅलोरंट गेम पण, सेटिंग कमी ठेवून. म्हणजे ते जास्तीचे साडेतीन हजार तुमच्या कामाचे नाहीत, मुलाचे आहेत. मी तुमच्या जागी असतो तर दिले असते, हातातल्या चाळीसमध्ये बसतंय आणि ६२ ला नाही म्हटल्यावर घरात शांतता पण हवी ना. फक्त रॅम १६ ची एक स्टिक नको, ८ च्या दोन घ्या, आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, एका स्टिकवर ते अर्धमेलं चालतं.

टॅक्सचं पण विचारलंय तुम्ही. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो (तेवढी घटलेली किंमत खर्चात धरता येते) हे बरोबर, पण अडीच लाखांच्या उत्पन्नाला तुम्हाला टॅक्सच लागत नाही तर वाचणार काय? जीएसटी नंबर नाही म्हणजे तो १८ टक्के पण परत मिळणार नाही, साडेसदतीस हजारांत ५,७०० च्या आसपास जीएसटीच आहे. म्हणूनच कोणीतरी हळूच म्हणेल, बिल नको असेल तर कमी करतो. नको. बॉक्समधल्या प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते, ती बिलाशिवाय मागायची कशी? ट्रे म्हणून बॉक्सशिवाय सुटा देत असतील तर वॉरंटी दुकानदाराची की कंपनीची ते आधी विचारा. आणि 'नो कॉस्ट' ईएमआयच्या भानगडीत पडू नका, व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते, तुमच्याकडे तर रोख आहे.

ग्रँट रोडला उतरून जाणार असाल तर मधल्या वारी दुपारी जा, शनिवारी तिथे कोणी धड बोलायला मोकळं नसतं. 'याच्यापेक्षा स्वस्तात आय फाइव्ह देतो' म्हणाले तर नाव नीट वाचा, १२४००एफ असेल तर त्यात ग्राफिक्सच नाही, वेगळं कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटर काळाच राहणार. बिलावर प्रोसेसरचं नाव पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट.